तिसऱ्या चौकोनातली खूण

“सिस्टर, हा चौकोन आजवर कुणी भरलाच नव्हता.” ज्ञानदीपने फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांचे कागद तोच बघतो. “कामातली वृत्ती: उत्साही, सामान्य, उदासीन. शंकररावजींनी सीधी उदासीनवर टिक मारली. असा फॉर्म वर गेला ना, तर कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होत नाही. तुमची सही व्हायच्या आत बदलून घ्या.”

शंकरराव माझ्या वॉर्डातले वॉर्डबॉय. अठ्ठावन्नाव्या वर्षीही ‘बॉय’च. महूहून पहिल्या बसने यायचे, जिना चढताना काहीतरी गुणगुणत. चैत्रात त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई गेल्या, तेव्हापासून जिना गप्प आहे.

मी त्यांना बोलावून घेतलं.

“अहो, हे काय करून बसलात?”

“विचारलं होतं, तर लिहिलं.”

“उदासीन म्हणजे ज्याला कशाचीच पडलेली नाही तो. तुम्ही तसे आहात?”

“काय माहीत, सिस्टर. अलार्म वाजतो, उठतो. हात काम करतात. मन लागत नाही बस. त्याला दुसरा शब्द असेल तर सांगा, तो लिहितो.”

‘उदास’ म्हणावं, तर त्याला फॉर्मात चौकोन नव्हता.

“‘सामान्य’वर करा ना. कोण बघतंय?”

“बावीस साल ‘उत्साही’वर टिक केली. खरी होती ती. आज झूठ लिहिलं, तर ती बावीसपण झूठ होतील.”

“आणि नोकरी गेली तर?”

“तोच तर डर आहे. घरी तर मन अजिबातच नाही लागणार.” मग म्हणाले, “जाऊ? सात नंबरच्या बाबांची दाढी करायची आहे. गळ्याचं ऑपरेशन आहे त्यांचं.”

‘वरिष्ठांचे मत’ या रकान्यात एरवी मी ‘ठीक’ लिहिते, तेही चहा पिता पिता. या वेळी लिहिलं, ‘यांनी खरं लिहिलं आहे. माझ्या वॉर्डात मला हेच हवेत.’ खाली सही केली.

ज्ञानदीपने दोनदा वाचलं. “वर चालेल याची गॅरंटी नाही, सिस्टर.”

“माझ्याकडेही नाही. घेऊन जा.”

तो गेल्यावर मी वॉर्डात डोकावले. शंकररावांनी मग्यातलं पाणी आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिलं, त्यात थोडं गरम ओतलं, पुन्हा लावून पाहिलं. त्या गालावर तीन दिवसांचे पांढरे खुंट होते.