करंगळी

...झाकण तांबडं होतं आणि नीट बसत नव्हतं. आटे एकमेकांत न शिरता नुसतेच फिरायचे, मग टक् करून बसायचे, आणि बसलं असं वाटेपर्यंत पुन्हा सैल. ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेल्या त्या चिमुकल्या बाटलीकडे फ्लोराबाई केव्हाच्या बघत होत्या. चिकटपट्टीवर निळ्या शाईत नाव – फ्लोरा जोशुआ अष्टमकर, वय ७६. बाटली अजून रिकामी होती.

"बाई, ती मिठाजवल नका ठेवू," ठमाबाई भांडी घासता घासता म्हणाली. "इसरून मीठच भराल तीत." आणि लगेच जीभ चावली. विसरण्यावरून या घरात गेला आठवडाभर कुणी थट्टा करत नव्हतं.

मंगळवारी त्यांनी शुक्रवारचा दिवा लावला होता. डोक्यावरून पदर घेऊन, शुक्रवारी सांजेला सुरू होणाऱ्या ज्यूंच्या शब्बाथची प्रार्थना म्हणून, दोन ताटं मांडून त्या नवऱ्याची, जोशुआची, वाट बघत बसल्या होत्या – आणि जोशुआला जाऊन अकरा वर्षं झाली. तेवढ्यात इस्राएलमधल्या अश्दोदहून लेकीचा, शीराचा, फोन आला. फोनच्या पडद्यावर तिला दिवा दिसला, ताटं दिसली. आई, आज मंगळवार आहे, ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली, आणि त्या हळूपणाचीच फ्लोराबाईंना जास्त भीती वाटली. नंतर ती स्पष्टच बोलली होती : डोक्याचं काही असेल तर पुढच्या महिन्यात येऊन तुला घेऊन जाईन, घर बंद करू, तिथे पेणमध्ये तुला एकटीला ठेवणार नाही.

डॉक्टरांनी मात्र अंगातली कणकण बघितली, पाणी किती पिता ते विचारलं, आणि म्हणाले, "आधी लघवी बघू. डोक्याचं मग." म्हातारपणी कधीकधी जळजळ होत नाही, दुखत नाही, जंतू वाढतात खाली मूत्राशयात आणि गोंधळ उडतो वर, डोक्यात. जंतू निघाले तर गोळ्यांनी आठवड्याभरात बरं वाटेल. नाही निघाले तर...

म्हणजे सगळं या बाटलीवर. जन्मभर वर्गातल्या मुलांना हात धुवा, पाणी उकळून प्या म्हणून सांगणारी मी, आणि आज सकाळपासून मनात एकच – जंतू असू देत. भरपूर असू देत.

पहिली धार सोडून द्यायची, मधली धरायची, असं काल बाटली देताना रितेशने समजावलं होतं. रितेश त्यांचा इथल्या पेणच्या शाळेतला विद्यार्थी, आता स्टँडजवळच्या लॅबमध्ये कामाला. आपल्याला कुणी शरीराचा धडा शिकवतंय हे त्यांना जरा लागलंच होतं. पण संडासात भिंतीला हात टेकून, बाटली सावरत उभं असताना त्यांना फळाच दिसायला लागला. आधी दोन घेवड्याचे दाणे, कण्याच्या दोन बाजूंना, मुठीएवढे – ही मूत्रपिंडं, मुलांनो, साऱ्या अंगातलं रक्त दिवसभर गाळत असतात. मग दोन बारीक नळ्या खाली येणाऱ्या. मग मूत्राशय, फुग्यासारखं ताणणारं. आणि त्याच्या तळाशी शेवटची छोटी नळी... ती त्या नेहमी घाईने काढायच्या, नाव पुटपुटायच्या, आणि मागच्या बाकांवर खसखस पिकायच्या आत डस्टर उचलायच्या. पुढचं घरी वाचा. बायकांची ही नळी अवघी चार सेंटिमीटरची, बाहेरच्या जंतूंना आत पोचायला वेळ लागत नाही, म्हणून पाणी प्या, लागली की जा, धरून बसू नका – हे समोरच्या पोरींना एकदाही सांगितलं नाही. एकदाही नाही, फ्लोरा.

उलट भलतंच सांगायच्या. तासाला कुणी करंगळी वर केली – बाई, एकीला जाऊ? – की म्हणायच्या, मूत्राशय म्हणजे स्नायू, होऊ दे थोडा व्यायाम त्याचा. तास संपू दे. खोटं होतं ते. पण वर्ग हसायचा.

लॅबच्या खिडकीत रितेशने बाटली घेतली, उजेडात धरली, झाकण पुन्हा आवळलं आणि हसून करंगळी वर केली. "अजून आठवतं, बाई. स्नायूला व्यायाम. अख्खा तास पाय आवळून बसायचो आम्ही." प्रेमानेच म्हणाला. तासाभराने या म्हणाला, पण त्या तिथेच बाकावर टेकल्या. बाकाची फळी अरुंद होती, शाळेतल्या बाकासारखी, आणि समोरची ती करंगळी केव्हाच खाली गेली तरी त्यांना दिसतच राहिली – रितेशची नव्हे, काळी, बारीक, नखात चिखल असलेली...

राणी. ते पेणच्या शाळेआधीचं, रोह्याच्या शाळेतलं. सहावीचा वर्ग. कुंडलिकेच्या काठावरच्या कातकरवाडीतून ती यायची, वाडीतली वर्गात एकटीच. मूत्रपिंड म्हणजे जाळं, त्या शिकवत होत्या. मोठं ते अडवतं, बारीक ते पाण्याबरोबर सोडून देतं. तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा तिचा हात वर झाला. "बाई, पन जाल्यातून बारकं मासं बी जातात. कामाचं असलं तं ते मागारी कोन धरतो?" शरीर कामाचं ते परत शोषून घेतं, हे त्या पुस्तकात नव्हतंच, ते पुढच्या वर्गांचं. आणि ही पोर घोट्याएवढ्या पाण्यात मासे धरता धरता तिथे पोचली होती. त्या दिवशी पेणला येणाऱ्या एसटीत मी जोशुआला सांगायची वाक्यं जुळवत होते, वडखळचं वळण कधी गेलं कळलं नाही...

आणि त्याच आठवड्यात तो हात पुन्हा वर झाला. फ्लोराबाईंना इतका आनंद झाला – आता काय विचारतेय! – आणि मग दिसलं की वर एकच बोट आहे. करंगळी. बस खाली, त्या म्हणाल्या. तास संपू दे. रागाने नाही... नाही, रागानेच. प्रश्न नव्हता म्हणून राग. ती बसली. थोड्या वेळाने बाकाखालून पाण्याची एक रेघ सावकाश पुढे आली, टेबलाच्या पायाशी थांबली, आणि वर्ग हसला – याच बाईंच्या वर्गात हसायला शिकलेला वर्ग. दुसऱ्या दिवशी राणी आली नाही. नंतरही नाही. आईबरोबर वीटभट्टीवर गेली, असं कुणीसं सांगितलं. हजेरीत नावापुढे आडवी रेघ आली.

पण हे खरंच असं झालं होतं? इतकी वर्षं तर कधी वर आलं नाही. की हेही तापलेल्या डोक्याने रचलेलं, त्या दोन ताटांसारखं?

"बाई, पस सेल भरपूर आहेत, म्हणजे जंतू आहेतच," रितेश कागद देत म्हणाला. "कोणते जंतू त्याचं कल्चर परवा येईल. तोवर हे दाखवा, गोळ्या आजच देतील."

भरपूर. त्यांनी कागद दोनदा वाचला, पोरानं गुणपत्रिका वाचावी तसा. म्हणजे घर राहणार, ओटा राहणार, दाराच्या चौकटीवरची प्रार्थनेची डबी, मेझुझा, जिथे आहे तिथेच राहणार. डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन रिक्षाने परत येताना त्या अगदी हलक्या झाल्या होत्या, आणि पुलाच्या उतारावर कुठेतरी तो हलकेपणा थांबला. जंतू वारांचा घोळ घालतील. मेलेल्या माणसाचं ताट मांडतील. पण राणीचं नाव जंतूंना कुठून ठाऊक?

घरी ठमाबाई लादी पुसत होती. मंगळवारचं स्वतःला काही नीट आठवत नव्हतं, पण ती तेव्हा घरात होती; गोळी हातात धरून त्यांनी विचारलं, मंगळवारी मी तुला काय म्हणाले?

"ऱ्हाऊं द्या की ते."

"सांग."

"मला राणी म्हनलाव. बस खाली म्हनलाव. मी बसले, हितंच, लादीवर." ठमाबाईने फडकं पिळलं. "म्हनलं, बाईंचा धडा व्हऊं दे. पन तुमीच रडाया लागलाव."

फ्लोराबाईंनी दोन ग्लास पाणी ओतलं, एक तिच्यापुढे ठेवला. डॉक्टरांनी सांगितलंय भरपूर प्यायचं, म्हटलं, तूही पी. ठमाबाईने ग्लास ओट्यावर सरकवून ठेवला. कामावर ती पाणी पीत नव्हती. तीन घरं करायची, मग चालत वाडीवर; मधे कुठे जायचं?

"इथे," फ्लोराबाई म्हणाल्या. "इथे आहे की."

"तुमी कदी बोल्लाव नाय."

आठ वर्षं. आठ वर्षं ही बाई ते संडासाचं दार बाहेरून पुसत होती.

"आग होत नाही कधी?"

"व्हती की. उन्हाची." ती हसली. "बायांना असतंच, बाई. सवय हाय."

मग फ्लोराबाईंनी ओट्यावर, सांडलेल्या पाण्यातच, बोटाने दोन दाणे काढले, दोन नळ्या काढल्या, मूत्राशय काढलं. शेवटची नळी या वेळी सावकाश काढली, तिचं नाव नीट सांगितलं, ती किती आखूड असते ते बोटांत अंतर धरून दाखवलं, आणि ही आग उन्हाची नसते हेही सांगितलं. परवा माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल, म्हणाल्या. ठमाबाई कंबरेवर हात ठेवून बघत होती. चित्राच्या कडा ओट्यावर पसरत एक होत होत्या.

"जा," त्या म्हणाल्या.

"आता नाय लागली," ठमाबाई म्हणाली, आणि बादली घेऊन मोरीकडे वळली.

तेवढ्यात फोन. शीरा. जंतू निघाले, फ्लोराबाईंनी सांगितलं, भरपूर निघाले. आणि तिकडे शीरा हसली, मग नाक ओढलं, मग पुन्हा हसली. तिकिटाचं आता नंतर बघू, म्हणाली. मग विचारलं, "आणि मंगळवारी फोनवर तू राणी राणी करत होतीस, ती कोण गं, आई? तापातलंच ना ते?"

हो म्हणायचं होतं फक्त. शब्द तयार होता, पुराव्याचा कागदही टेबलावर होता.

मोरीतला नळ बंद झाला. ओट्यावरचा ग्लास – तो मघाशी काठोकाठ भरलेला होता, आता निम्मा होता. बादली उचलून वळताना ठमाबाई प्याली असेल. की मीच प्याले?... तिची पावलं मोरीच्या आणि संडासाच्या दारांच्या मधे कुठेतरी थांबली होती. फ्लोराबाईंनी फोन कानापासून जरा दूर धरला.

"आई?"

"नाही गं," त्या म्हणाल्या, "तापातलं नाही." आणि पुढचं कुठून सुरू करावं ते शोधत राहिल्या – दाण्यांपासून, की जाळ्यापासून, की त्या एकाच बोटापासून – आणि शोधता शोधता संडासाच्या दाराच्या आतल्या कडीचा आवाज येतो का ते ऐकत राहिल्या...