उरलेली अक्षरं

"बंधू, बेकरीची पाटी वाकडी आहे," दादा म्हणाला. डोळ्याला भिंग लावून तो टेबलावरच्या रस्त्यावर वाकला होता.

पाटी सरळ होती. वाकडा होता तो त्याचा चष्मा. पण मी बोललो नाही. दुकानात एकत्र काढलेल्या एकेचाळीस वर्षांत असं बरंच बोलायचं राहून गेलं आहे.

हा रस्ता म्हणजे आमच्याच दुकानासमोरच्या रस्त्याची संग्रहालयासाठी केलेली प्रतिकृती, टेबलावर मावेल एवढी. घरं दादानं कापली, जोडली, रंगवली. पाट्या माझ्या. मोहरीएवढं अक्षर कुंचल्यानं निघत नाही. म्हणून मी अक्षरं पारदर्शक फिल्मवर उलटी छापतो आणि त्यांवर चिकट थर देतो. फिल्म भिंतीला टेकवून बोथट काडीनं वरून घासली की अक्षरं फिल्म सोडून भिंतीवर बसतात. एकदाच. उचलून पुन्हा लावता येत नाहीत.

आमच्या दुकानाच्या पाटीवर दादाचं पूर्ण नाव आहे आणि पुढे 'आणि बंधू'. ती वडिलांनी रंगवून घेतली. तेव्हापासून गिऱ्हाईकं मला बंधू म्हणतात. दादा चेष्टेनं म्हणायला लागला; चेष्टा संपली, नाव राहिलं.

मागच्या आठवड्यात संग्रहालयाच्या बाई माझ्याशी बोलल्या. त्यांच्या गावी दोन वर्षांचं काम, मोठ्या खिडकीची स्वतंत्र खोली. आज चारला त्या रस्ता न्यायला येणार होत्या; तेव्हा हो की नाही ते सांगा, म्हणाल्या. रोज सकाळी मी ठरवायचो, दादाला जेवताना सांगू. जेवताना दादाच बोलायचा.

शेवटी काल मी एक वेडेपणा केला. साठी उलटलेल्या माणसाला शोभणारा नव्हे, हे कळतं मला. रस्त्यावरच्या आमच्या इवल्या दुकानावर फक्त दादाचं नाव घासलं. पुढचे दोन शब्द फिल्मवरच ठेवले. दादा बघेल, विचारेल, मग सांगता येईल.

भिंग बेकरीवरून शिंप्याकडे गेलं, तिथून औषधांच्या दुकानाकडे आणि आमच्या पाटीशी थांबलं.

"हे अर्धंच बसलंय," दादा म्हणाला.

"हो," मी म्हणालो. पुढचं वाक्य आठवडाभर घोकलेलं होतं. ते आलंच नाही.

दादानं स्वच्छ भिंग सदऱ्याच्या टोकानं पुन्हा पुसलं. सकाळी एका घराला त्यानं दार उलटं लावलं होतं आणि मी ते गुपचूप सरळ केलं होतं. ते त्याला ठाऊक होतं, असं तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई तुझ्याशी बोलत होत्या तेव्हा मी आत चहा गाळत होतो. डोळे गेले तरी कान शाबूत आहेत माझे."

जा म्हणाला नाही, राहा म्हणाला नाही. भिंग टेबलावर ठेवून तो पुढे दुकानात जाऊन बसला.

मी घड्याळ पाहिलं. साडेतीन. त्या भिंगाकडेही पाहिलं. मग फिल्म काढली आणि उरलेले दोन शब्द दादाच्या नावापुढे धरले. केसभर चूक झाली असती तर सगळी पाटी खरवडावी लागली असती. झाली नाही. हात बरा चालला, याचंच वाईट वाटलं. वर गुळगुळीत कागद ठेवून पुन्हा घासलं. आता ती अक्षरं नखानंही निघणार नाहीत.

चारला बाई आल्या. एकेक पाटी बघून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. दादानं त्यांना चहाचा आग्रह केला, जरा मोठ्यानंच.

रस्ता गेल्यावर टेबलावर फिल्मचा तुकडा राहिला. मी तो खिडकीशी धरला. अक्षरं गेली तरी त्यांच्या जागी अंधूक चकाकी राहते. ती उलटी दिसत होती. उलटं वाचायची मला सवय आहे.