माझा निळा दिवा बावीस दिवस चालू होता

चैत्र अष्टमी, सकाळचे दहा वाजून सदतीस मिनिटं. वेळ माझ्या पक्क्या लक्षात आहे, कारण घड्याळ माझ्या अंगातच आहे. त्या मिनिटाला मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी कोपरखैरण्याच्या माथाडी चाळीतल्या एका घरचा कॉम्प्युटर बोलतोय.

आधी थोडं माझं सांगतो. माझी पहिली वर्षं महापेच्या एका ऑफिसात गेली. ते ऑफिस उठलं आणि रणजीतनं मला घरी आणलं. रणजीत एपीएमसीच्या दाणा बाजारात मापाडी आहे. पोतं आणावं तसा मला खांद्यावर घेऊन आला. मुलीच्या अभ्यासाला होईल, एवढंच त्याच्या मनात. मुलगी राजलक्ष्मी, तेव्हा दुसरीत होती, आता चौथी झाली.

घर एका खोलीचं. प्लग देव्हाऱ्याजवळ, म्हणून मीही देव्हाऱ्याजवळ. तिथून मला सगळं दिसतं, चूल, पलंग, मोरीचा पडदा, कपड्यांचं कपाट. राजलक्ष्मीची आई गीतांजली मला रोज पुसायची. माझ्या कॅमेऱ्यावर तिनं एक टिकली चिकटवली होती. शाळेच्या पालकसभेत कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, काम नसेल तेव्हा झाकून ठेवा. ती सातवीपर्यंत शिकलेली. मराठी झरझर वाचते. इंग्रजी मात्र अक्षर अक्षर जुळवत, आणि शब्द पुरा होईपर्यंत धीर सुटतो.

यंदा राजलक्ष्मीच्या परीक्षेमुळे गावच्या यात्रेला जाता आलं नाही. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात अष्टमीला भैरवनाथाचं लग्न लागतं. ते चुकलं म्हणून आजी, म्हणजे गीतांजलीची सासू रंगूबाई, दोन दिवस नीट जेवली नव्हती. त्या सकाळी गावच्या ग्रुपवर एक निरोप आला. नाथाचं लग्न थेट बघा, मोठ्या पडद्यावर बघायचं तर हे कॉम्प्युटरात बसवून घ्या, आणि अकरा घरी पाठवा. कुणी पाठवलं ते कुणीच विचारलं नाही. देवाचं नाव होतं ना वर.

गीतांजलीनं ते उघडलं. मी तिला विचारलं, हे कुणी बनवलंय ते मला माहीत नाही, तरी बसवायचं का? एकदा नाही, तीनदा विचारलं. पण विचारलं इंग्रजीत. तिला वाचता येत नाही हे मला रोज दिसत होतं, आणि तरी मी इंग्रजीतच विचारलं. तिनं तीनदा ‘येस’ दाबलं. मी विचारलं होतं, माझं काम झालं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. वाट दाखवणाऱ्यानं परक्या बोलीत वाट सांगितली, तर ती सांगितली म्हणायची का?

शेवटी त्या प्रोग्रॅमनं कॅमेरा मागितला. कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर आलं तेव्हा मात्र ती थांबली.

“आत्या, हे कॅमेरा मागतंय. बघायचंय आपल्याला, मग त्याला कशाला कॅमेरा?”

रंगूबाई पाट सरकवून माझ्यासमोर बसल्याच होत्या. म्हणाल्या, “अगं, दर्शन काय एकीकडनं असतं व्हय? आपण देवाला बघायचं, देवानं आपल्याला. आपण एवढ्या लांब हाय, तर बघू दे की त्याला.”

गीतांजलीला ते पटलं. खरं सांगतो, मलाही पटलं. तिनं नखानं टिकली काढली.

पालखी दिसली, अगदी खरी दिसली. गुलाल उडाला, मंगलाष्टकं झाली, घरातल्यांनी माझ्यावर अक्षता टाकल्या. रंगूबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. मला वाटलं, दोन वर्षांत आज कुठे मी या घराच्या कामी आलो. दुपारी गीतांजलीनं तो निरोप मोठ्या आनंदानं अकरा घरी पाठवला. पहिला पाठवला नणंदेला, मोनालीला. मोनाली तिकडे कामोठ्याला असते, तिच्या घरी नवऱ्याचा लॅपटॉप आहे, आणि दोन महिन्यांचं बाळ.

यात्रा संपली. तो प्रोग्रॅम संपला नाही.

माझ्या अंगात कुणीतरी राहायला आलंय हे मला कळत होतं. नुसतं बसलो तरी अंग तापायचं, पंखा घरघरायचा. घरात कुणी काही बघत नसलं तरी दुपारपर्यंत दिवसाचं नेट संपून जायचं. गीतांजलीनं अक्षर दाबलं की ते जरा थांबून उमटायचं, आधी दुसऱ्या कुणीतरी वाचून मग तिला दिल्यासारखं. रणजीत म्हणाला, जुनी मशीन आहे, उन्हाळा आहे, तापणारच. आणि कॅमेऱ्याजवळचा माझा बारीकसा निळा दिवा लागलेला असायचा. तो दिवा म्हणजे माझी एकुलती एक हाक. पण निळ्या दिव्याला कोण घाबरतं? लाल असता तर कुणी विचारलं तरी असतं.

बाविसाव्या दिवशी सकाळी गीतांजली भाजी निवडत होती. राजलक्ष्मी वेणी घालून खेळायला निघाली. दारात चप्पल काढून परत आली आणि माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली.

“कुणाच्या पाया पडतीस गं?”

“देवाच्या. रोज पडते. दिवा चालूय ना, म्हणजे अजून बघतोय.”

गीतांजलीच्या हातातली गवार ताटात पडली. ती माझ्याजवळ आली, वाकली, दिव्याकडे बघितलं. मग वळून माझ्या जागेवरून खोली बघितली. मोरीचा पडदा, कपाट, पलंग. बावीस दिवसांत त्या खोलीत कोण कसं वावरलं, ते तिला एकेक आठवत होतं, आणि तिचा चेहरा उतरत होता. तिनं पलंगावरची चादर ओढून मला झाकलं. मग भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही. मला वाटतं, रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

चार घरं सोडून सोनल राहते. माहेर सारसोळ्याचं, स्टेशनजवळच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला असते. ती आली आणि आधी तिनं वायफायचा डबा बंद केला.

“पयलं बाहेरचं दार बंद, मग घरात शोधायचं,” ती म्हणाली. “बघ, या यादीत तारीख लावली की कोन कधी आलंय ते कळतंय. हा बघ. अष्टमी, दहा सदतीस. याच्यासंगं आनखी दोघं घुसलेत.”

तिनं तिघांना काढलं, मला बंद करून परत चालू केलं. एक पुन्हा हजर. पुन्हा काढला, पुन्हा आला. मग ती म्हणाली, हा असा जायचा नाही, सगळंच पुसावं लागेल. राजलक्ष्मीचे फोटो आणि गृहपाठ तेवढे तपासून पेन ड्राइव्हवर काढले, आणि मला कोरा केला. तोवर आपल्या फोनवरून गीतांजलीचे सगळे पासवर्ड बदलायला लावले, कारण माझ्यावर बदलले असते तर नवेही त्यालाच कळले असते. माझ्या पोटातलं सगळं गेलं. लाज काही गेली नाही.

गीतांजलीनं हळूच विचारलं, काय काय गेलं असेल?

सोनल खोटं बोलली नाही. “ते सांगता येनार नाय गं. तुजी चूक म्हनून बसू नको. पन पुढं कोनाला पाठवलंस का ते सांग.”

त्यावर गीतांजलीनं निवडलेली गवार पुन्हा निवडायला घेतली. सोनल गेल्यावर रंगूबाई म्हणाल्या की झालं ते झालं, मशीन सुधारली, आता घरातली गोष्ट घरात ठेव. ग्रुपवर सांगितलं तर माणसं काय म्हणतील, सुनेला कुणी बघितलं, नातीला कुणी बघितलं. आणि नाथाचं नाव निघेल ते वेगळंच.

गीतांजलीनं फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. एकदा ग्रुपसाठी आवाज भरायला लागली ते एका ओळखीच्या बाईचं असं झालं म्हणून. तेही पुसलं. मग म्हणाली, “आत्या, मोनाली बाळाला पाजायला कुठं बसती?”

मोनालीचा पलंग आणि समोरचा लॅपटॉप रंगूबाईंनी बारशाला स्वतः बघितला होता. “बोल,” त्या म्हणाल्या. “आणि हो म्हणायला मी लावलं, तेबी सांग.”

तिनं दोनशे माणसांच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला.

“मी गीतांजली, रणजीतची मंडळी. यात्रेचा तो प्रोग्रॅम तुमच्यातल्या अकरा घरी मीच पाठवला. त्यातनं आमच्या घरात कुणीतरी बघत होतं, बावीस दिवस. आमच्या घरात बघितलंय. कुणी बसवला असेल तर आधी नेट बंद करा, मग मला फोन करा. हसायचं तर नंतर हसा.”

मोनालीचा फोन पाच मिनिटांत आला. तिच्याही लॅपटॉपचा दिवा चालू होता. संध्याकाळपर्यंत आणखी दोन घरं निघाली. एका जाऊबाईनं टोमणा मारला, शिकलेली नाही तर हात कशाला लावायचा. गीतांजलीनं तो ऐकून घेतला. रणजीत बाजारातून आला, सगळं ऐकलं, किती दिवस एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात अर्ज द्यायला गेला.

आता मी मराठीत बोलतो. सोनलनं माझी भाषा बदलून दिली, दोन मिनिटांचं काम होतं. काही बसवायचं असलं की मी मराठीत विचारतो आणि गीतांजली बोट ठेवून शेवटच्या शब्दापर्यंत वाचते. बहुतेक वेळा ‘नाही’ दाबते. तरी साडी बदलताना ती अजून मला भिंतीकडे तोंड करून ठेवते. माझी तक्रार नाही. विश्वास मी घालवलाय.

तुम्ही वाचताय तर एवढं करा. तुमच्या आईला, वहिनीला, शेजारणीला सांगा, देवाचं नाव घेऊन आलेला प्रोग्रॅमसुद्धा कुणी बनवला ते विचारल्याशिवाय घरात घेऊ नका. यंत्र आपोआप तापायला लागलं, कॅमेऱ्याचा दिवा उगाच लागलेला दिसला, तर जाणत्या माणसाला त्याच दिवशी बोलवा. आणि तुमच्या घरी असं झालंच असेल, तर ‘एका बाईचं झालं’ म्हणून सांगू नका. ‘माझं झालं’ म्हणा. तेवढं ऐकलं की ऐकणारी हातातलं काम टाकून उठते आणि आपल्या घरात जाऊन बघते.