मामाचा हातगुण

बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरचं गिऱ्हाईकाला द्यायचं पॅकेज, व्हायचं ते मामाच्याच हाताने, असा ऑफिसात सगळ्यांचा समज होता. मामा म्हणजे मालक. भाची मामा म्हणते म्हणून सगळेच म्हणत. तो खुर्चीत असला की पॅकेज निमूट तयार व्हायचं, लॅपटॉप काखेत मारून जेवायला घरी गेला की अडून बसायचं. मामाही हा मान लाजत लाजत, पण पोटभर घ्यायचा.

भाचीला हातगुणाचं वावडं. पॅकेज बांधायची 'बंद खोली' तिनेच उभारली होती. दर वेळी नवं कोरं आभासी यंत्र, ठरवून दिलेलं तेवढंच सामान आत, बाहेरच्या जगाशी संबंध तोडलेला, आणि काम झालं की यंत्रच मोडीत. मामा जेवलाय की उपाशी, याच्याशी अशा खोलीला काय देणंघेणं?

आज तिने खोदून पाहिलं, तर भिंतीला भोक. मामाने गुपचूप खोली आपल्या लॅपटॉपला जोडली होती. एक जुनी लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा गठ्ठा, तिथून आत यायची. तिने तो फोल्डर उघडला. चोरून उतरवलेले सिनेमे, कुलूप तोडलेली सॉफ्टवेअर, अँटिव्हायरसने बोंब मारलेल्या फायली, आणि त्या उकिरड्यात मधोमध ती लायब्ररी. हे पॅकेज रुग्णालयांतल्या सलाईनच्या पंपांत जाणार होतं. वर 'स्वच्छ बांधणी'चा शिक्का तिच्या डिजिटल किल्लीने, तिच्या नावाने.

"मामा, ही कुठून आणलीस?"

"कुणीतरी दिली होती. आता मिळत नाही ती कुठे. चालतेय ना नीट?" मामाने बिस्किटाची बोटं कीबोर्डवरच पुसली. "तू अगदी आईवर गेलीस बघ. धुतलेलं भांडं परत धुणारी."

"हे धुतलेलं नाही. चाटून ठेवलेलं आहे."

"बरं बाई. संध्याकाळी गिऱ्हाईकाला द्यायचंय, शिक्का मार. मग घास हवं तेवढं."

भाचीने वाद घातला नाही. आपली किल्ली रद्द केली, नव्या किल्लीसाठी मामाचं पूर्ण नाव टाइप केलं आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"एंटर दाब. मग शिक्का तुझा."

मामाचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच घुटमळलं.

"माझं नाव कशाला मध्ये?"

"नीट चालतेय ना?"

"तसं नाही गं. उद्या काही झालं तर..." पुढचं त्याने गिळलं. भाचीचं नाव होतं तोवर त्याला असलं काही सुचलं नव्हतं. तिला किळस आली ती त्या फोल्डरपेक्षा याचीच जास्त.

त्याने बोट मागे घेतलं, फोन उचलला. "आठवडाभराची मुदत मागून घेतो. तू आजारी आहेस म्हणून सांगू?"

"सांग. मळमळतंय हे खोटं नाही," ती म्हणाली आणि भोक बुजवायला बसली.