जहाजावरची चूल

माझी नणंद चुलीपाशी उभी राहिली की तिथून हलत नाही. मग चूल खरी असो की कॉम्प्युटरमधली.

आम्ही दोघी दुपारी समुद्री चाच्यांचा गेम खेळतो. हसा खुशाल. मी घरी कपड्यांच्या दुरुस्तीची कामं घेते, चेन बदलणं, उंची कमी करणं, आणि दुपारी गिऱ्हाईक फिरकत नाही. नवऱ्याची रात्रपाळी असते, त्यामुळे तो आतल्या खोलीत घोरत असतो आणि आम्ही बाहेर कुजबुजत समुद्रावर. मी त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर, छोटी तिच्या लॅपटॉपवर. छोटी म्हणजे माझी नणंद. चाळिशीला टेकली तरी घरात तिचं नाव तेच. सासर सोडून आली तेव्हा कपड्यांची एक बॅग आणि हा लॅपटॉप, एवढंच बरोबर होतं.

बाकीचे लोक या गेममध्ये खजिने उकरतात, एकमेकांची जहाजं बुडवतात. आम्ही मासे धरतो आणि विकतो. बेटावरची मासेवाली भाजलेल्या माशाला कच्च्याच्या दुप्पट भाव देते, करपलेला बघून नाक मुरडते. गळ मी टाकते, भाजते छोटी. तिचा एकही मासा आजवर करपला नव्हता. करपेलच कसा? तिच्या सासरी एखादं भांडं करपलं तर सासू ते जेवणाच्या टेबलावर मधोमध आणून ठेवायची, सगळ्यांनी बघावं म्हणून.

हा सगळा खटाटोप जहाजासाठी चालला होता. गेम सगळ्यांना एक फुकटचं जहाज देतो, बिननावाचं. स्वतःचं विकत घेतलं की त्याच्यावर हवं ते नाव रंगवता येतं. छोटीला ते हवं होतं. सासरच्या दारावर तिच्या नावाची पाटी नव्हती आणि आमच्या दारावर तिच्या भावाची आहे. ती हे कधी बोलली नाही, पण मला काय डोळे नाहीत? त्या दुपारी आमच्याकडे इतका माल होता की विकला की जहाज तिचं. बुडालो तर सगळं मुसळ केरात.

मासेवालीचं बेट समोर दिसत होतं. मी म्हटलं, उरलेले कच्चेच विकू. ती म्हणाली, एवढे भाजून होऊ देत. चूल पेटली की धूर लांबून दिसतो, हे दोघींनाही माहीत होतं. पण दुप्पट भाव मलाही गोड लागत होता, तेव्हा मी कुठल्या तोंडाने तिला शहाणपण शिकवणार?

मागे काळं शीड दिसलं.

जहाज मोठं होतं आणि वारा त्याच्या बाजूने होता. तोफेचा पहिला गोळा पाण्यात पडला. दुसऱ्याने आमच्या तळाला भोक पाडलं. मी सुकाणू धरून छोटीला पाणी उपसायला सांगितलं, तर म्हणे, आलेच, हा एवढा उलटते. माझं डोकंच फिरलं.

"बाई गं, जहाज बुडतंय आणि तुला मासा उलटायचाय?"

ती गेली, भोक बुजवलं, पाणी उपसलं आणि परत चुलीपाशी. तिसरा गोळा डोलकाठीला घासून गेला. छोटी चुलीपाशीच उभी. मला वाटलं, घाबरून थिजली.

"वहिनी," ती म्हणाली, "होडीत माल भर. ते धुरामागे येतायत. धूर पुढे जाऊ दे."

डावीकडे एक मोठा खडक येत होता. त्याच्याआड गेलो की घटकाभर आम्ही त्यांना दिसणार नव्हतो. मी जहाजामागे बांधलेल्या छोट्या होडीत पोती टाकली. तिने उरलेल्यांतला सगळ्यात मोठा मासा तव्यावर टाकला आणि तिथेच उभी राहिली. मासा तांबूस झाला. मग काळपट. तिने तो उलटला नाही, आणि मला तिची इतकी दया आली की निघ म्हणायलाही जीभ वळेना.

"करपू दे," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने होडीत उडी मारली.

रिकामं जहाज काळाकुट्ट धूर सोडत पुढे गेलं. खडकाच्या सावलीत आम्ही वल्ही थांबवली. काळं शीड इतक्या जवळून गेलं की मी खरोखरचा श्वास रोखून धरला. ते धुरामागे गेले. आम्ही बेटाकडे वल्ही मारायला लागलो.

तेवढ्यात मला जळका वास आला. गेममध्ये वास कुठला यायला? छोटीचा चेहरा पांढराफटक पडला. खेळायला बसायच्या आधी तिने बारीक गॅसवर दूध ठेवलं होतं आणि ती, चक्क ती, विसरली होती.

लांबवर काळं शीड वळलं. रिकामं जहाज त्यांना सापडलं होतं, आता ते आम्हाला शोधत परत येत होते. दोघींनी वल्ही मारली तरच होडीला वेग होता. मी उठायला लागले.

"बस तू," ती म्हणाली. आणि मग घर दणाणेल असं ओरडली, "दादा! ऊठ, गॅस बंद कर!"

आमच्याकडे आल्यापासून या बाईने कधी कुणाकडे पाण्याचा ग्लास मागितला नव्हता. आतलं घोरणं थांबलं. पावलं स्वयंपाकघराकडे धावली.

होडी धक्क्याला लागली. आम्ही पोती उचलून धावत सुटलो. मासेवालीच्या हातात शेवटचं पोतं पडलं आणि मागे आमची होडी गोळ्याने फुटली. फुटू दे. छोटी तोवर जहाज विकणाऱ्याच्या दुकानात शिरली होती.

नवरा दारात येऊन उभा राहिला. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले, हातात बुडाशी काळं झालेलं पातेलं. ते त्याने आमच्या दोघींच्या मधोमध, टेबलावर ठेवलं. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण मला छोटीच्या सासूचं टेबल आठवलं.

"कोणी जाळलं हे?" त्याने जांभई देत विचारलं.

मी 'मी' म्हणायला तोंड उघडलं.

"मी," छोटी म्हणाली. तिने पडद्यावरची नजरही काढली नाही. तिथे जहाजाच्या नावाची एक रिकामी चौकट उघडली होती आणि ती तिच्यात एकेक अक्षर टाइप करत होती. "भिजत घाल, दादा. मी पाटी लिहितेय."

त्याने पातेलं उचललं. आतून नळ सोडल्याचा आवाज आला.