आत्याची रेघ सरकते

आत्याची रेघ सरकत नाही, असं बिल्डर लोक आपसांत म्हणत, आणि म्हणताना हसत नसत. रिकाम्या जमिनीवर घरं उभी करायची तर तिच्यात पाणथळ कुठून कुठवर आहे ते आधी ठरवावं लागे. ते ठरवणाऱ्यांत आत्या सगळ्यांत जुनी. ती फावडं घेऊन येई, गुडघाभर खोल खड्डे खणी, माती बोटांत चोळून पाही आणि गुलाबी झेंड्यांची वेडीवाकडी ओळ रोवून निघून जाई. ओळीच्या आत एक वीटही ठेवायची नाही. मग सरकारी तपासनीस येई, आपले वेगळे खड्डे खणी, आणि फिरून फिरून आत्याच्याच झेंड्यांपाशी येऊन थांबे. इतक्या वर्षांत त्याने तिचा एकही झेंडा उपटला नव्हता. आत्याला याचा अभिमान होता आणि तो झाकून ठेवायचे कष्ट ती घेत नसे.

खरं तर ती एकाच मुलीची आत्या. पण भाची शिकून तिच्याच कचेरीत कामाला लागली, चारचौघांत 'मॅडम' म्हणायचं ठरवूनही 'आत्या' म्हणत राहिली, आणि बघता बघता नकाशे काढणाऱ्यांपासून ट्रकवाल्यांपर्यंत सगळ्यांचीच ती आत्या झाली.

कचेरी म्हणजे केस कापायच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून शाम्पूचा वास येई, वर ओल्या मातीचा, आणि जिन्यात दोघांची गाठ पडे. दाराशी चिखलाने जड झालेले गमबूट. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर अंड्यांच्या ट्रेमध्ये मांडलेली मातीची ढेकळं, प्रत्येकापुढे आपापल्या खड्ड्याची चिठ्ठी.

टायरच्या दुकानामागच्या मोठ्या प्लॉटवर तपासनीस दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. दुपारी भाची त्या प्लॉटची ढेकळं पिशव्यांत भरत होती. भरता भरता थांबली. एका ढेकळावर पाण्याचे थेंब सोडले, रंगांचं पुस्तक उघडलं. या पुस्तकात पानोपानी रंगाच्या चकत्या असतात आणि प्रत्येक चकतीशेजारी एक भोक. मागून माती धरायची, भोकातून बघायची आणि कुठल्या चकतीशी जुळते ते ठरवायचं.

"आत्या, पूर्वेच्या कडेला तू तपकिरी लिहिलंयस."

"तपकिरी होती म्हणून लिहिलं."

"ही राखाडी आहे."

आत्याने मान वर केली नाही. "तू दुसऱ्या खड्ड्याचं ढेकूळ उचललं असशील."

"चिठ्ठी तुझ्याच अक्षरातली आहे."

"मग खिडकीत उजेड कमी असेल. ही माती मी तू दप्तर घेऊन शाळेत जायचीस तेव्हापासून वाचतेय."

"हो, आणि तेव्हापासून मला सांगतेयस, की कोणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, परत खणायचं," भाची म्हणाली. "गाडीची किल्ली दे."

आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण किल्ली तिने दिली, आणि मागोमाग गमबूटही चढवले.

रंगावर एवढा वाद व्हायला कारण होतं. कोरड्या महिन्यांत पाणथळ ओळखायला पाणी उपयोगाचं नसतं, ते आटलेलं असतं. झाडोरा बघावा तर बिल्डरने आगीच्या भीतीने ती सगळी कड कापून साफ केली होती. उरली माती. जिच्यात पाणी महिनोन्महिने तुंबून राहतं ती राखाडी पडते आणि मुळांच्या वाटेने तिच्यात गंजासारखे ठिपके येतात. पाणी नुसतं येऊन जात असेल तर माती तपकिरी राहते. तपकिरी धरून आत्याने पूर्वेची कड ओळीच्या बाहेर ठेवली होती, आणि तेवढ्या भरवशावर बिल्डरच्या नकाशात तिथे घरांची अख्खी रांग उभी राहिली होती.

प्लॉटवर ऊन रणरणत होतं. भाचीने जुन्या खड्ड्याच्या शेजारी नवा खणला, तळाची माती ओली केली आणि तळहातावर आत्यापुढे धरली.

"तपकिरी," आत्या म्हणाली. "आता बोल."

भाचीने हात लांब करून आत्याच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला.

चष्मा नवा होता. घरात साधा, उन्हात गेलं की काचा आपोआप तपकिरी होणारा. जवळचं आत्याला चष्म्याशिवाय चांगलं दिसे. तिने तळहाताकडे पाहिलं. माती राखाडी होती, ओल्या राखेसारखी, आणि तिच्यात गंजाचे ठिपके स्वच्छ दिसत होते.

नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला आत्या पहिली शिकवण द्यायची ती ही: माती वाचताना गॉगल काढा. इंजिनियरांना तिने यावरून चारचौघांत झापलं होतं. एका बड्या साहेबाचा गॉगल स्वतःच्या हाताने काढून त्याच्याच खिशात घातला होता. आणि स्वतः गॉगल नाकावर ठेवून अख्खी कड वाचून गेली होती. बाकीचा प्लॉट ढगाळ दिवशी झाला होता, म्हणून तो वाचला. पूर्वेची कड तेवढी भर उन्हात झाली होती.

टायरच्या दुकानात कोणीतरी हवा भरत होतं, त्याचा फुसफुस आवाज येत राहिला.

"तपासनीसाला कदाचित कळणारही नाही," आत्या शेवटी म्हणाली. "तो आपल्या खड्ड्यांच्या मध्येच कुठेतरी खणतो."

"कळणार नाही," भाचीने मान डोलवली. ती नुसती फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. आत्याला ती उभं राहण्याची तऱ्हा ओळखीची वाटली. ती तिची स्वतःची होती.

"तुला काय वाटलं, मी तसं करणार आहे?"

"मला काही वाटलं नाही. तू म्हणालीस."

"तोंडातून निघालं. जाऊ दे."

"हवं तर मी सांगते, की ही कड मी वाचली होती," भाची म्हणाली. "मी नवीन आहे. माझं काय जातंय?"

"माझ्या खड्ड्यात तू कशाला उडी मारतेस? सरक." आत्या खाली वाकली, स्वतःच रोवलेला पहिला झेंडा तिने उपटला, त्याच्या टोकाची माती बोटाने पुसली आणि भाचीच्या हातात दिला. "लाव. कुठे लावायचा ते तू ठरव. मी फक्त खणते."

संध्याकाळपर्यंत आत्या खणत राहिली आणि भाची माती वाचत राहिली. एका जागी आत्याने तोंड उघडलं, "मी असते तर इथे..." आणि जीभ चावून गप्प बसली.

बिल्डरला आत्याने त्याच संध्याकाळी फोन लावला. पलीकडून जे ऐकू आलं ते भाचीलाही दोन हातांवरून नीट ऐकू आलं. "बाई, ही रेघ आहे की वेल? रातोरात वाढते ती?" शेवटी तो म्हणाला, "तुमची रेघ सरकत नाही, असं ऐकून मी तुमच्याकडे आलो होतो!"

"चुकीच्या जागी होती, म्हणून सरकली," आत्या म्हणाली. "चूक माझी. उद्या या, दाखवते."

सकाळी बिल्डर आला तो हाताची घडी घालूनच. तपासनीस आला. हा उंच, बारीक माणूस कोणाला 'ठीक' याच्यापलीकडे काही म्हणाला आहे, असं कोणी ऐकलेलं नव्हतं. आत्याने चष्म्याची गोष्ट पहिल्या वाक्यातच सांगून टाकली. तपासनीसाच्या भुवया वर गेल्या.

"तुम्ही? गॉगल?"

"मी. गॉगल. हसून घ्या."

तो हसला नाही, पण त्या दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त खणलं. एकदा सरकलेली ओळ आणखीही सरकू शकते, असं त्याच्या चालण्यावरूनच दिसत होतं. पूर्वेच्या कडेला भाचीचे झेंडे ओलांडून तो पलीकडे गेला आणि थबकला. चाकांच्या खोल चाकोऱ्यांत लव्हाळं उगवलं होतं आणि तळाशी चक्क पाणी होतं.

"हे बाहेर कसं?" त्याने आत्याला विचारलं. "झेंडे इथवर यायला हवेत."

बिल्डरच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरी रांगही चालली होती. आत्याने उत्तर द्यायला श्वास घेतला, आणि तो तसाच सोडून दिला. तिने भाचीकडे बोट केलं.

"नाही यायला हवेत," भाची म्हणाली. "हे अवकाळी पावसाचं पाणी आहे, ट्रकच्या चाकोऱ्यांत अडकलेलं. चाकांनी माती दाबून वर ताटासारखा थर केलाय, त्यात ते साठतं. खाली उतरत नाही. लव्हाळंही त्याच पावसानंतरचं आहे, उपटून बघा, मूळ बोटभरही नाही."

"लव्हाळं म्हणजे लव्हाळं," तपासनीस म्हणाला.

"तुम्ही खणा. चाकोरीत एक, बाजूला एक. राखाडी लागली तर झेंडे मी स्वतः हलवते. नाही लागली तर एक वीतभरही हलवणार नाही."

आत्याने दोन्ही हात खिशात कोंबले. आयुष्यात इतकं कठीण काम तिने क्वचितच केलं असेल. तपासनीसाने खणलं. वर दगडासारखा थर निघाला, तो फुटल्यावर खाली तपकिरी माती, कोरडी, एकसारखी, गुडघ्यापर्यंत. बाजूच्या खड्ड्यातही तेच. त्याने माती ओली केली, पुस्तकामागे धरली, उलटसुलट पाहिली. मग लव्हाळ्याचा एक झुबका उपटला. तो अलगद हातात आला.

"ठीक," तो म्हणाला. पुढे काही पावलं चालून मागे वळला. "चांगलं आहे हे."

बिल्डरने आत्याकडे पाहिलं. त्याची एक रांग गेली होती, एक वाचली होती, आणि चेहरा नक्की कसा करावा हे त्याला ठरवता येत नव्हतं. "काल तुम्हाला बोललो ते..."

"ते बरोबरच होतं."

तपासनीस गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून लिहीत होता. त्याने न बघताच विचारलं, "हद्द कोणी ठरवली? नेहमीप्रमाणे तुमचं नाव लिहू?"

"माझं कशाला? माझी हद्द कालच उपटली." आत्या असं इतक्या मोठ्याने म्हणाली, की टायरच्या दुकानातली माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली. "तिचं लिहा. ही माझी भाची. माझ्या हातचे झेंडे हिने मला उपटायला लावले, आणि स्वतःचे तुम्हाला उपटू दिले नाहीत. नीट लिहा, आडनावासकट."

"आत्या, पुरे," भाची कानापर्यंत लाल झाली होती.

"पुरे काय? अजून मी सुरुवातही केलेली नाही," आत्या म्हणाली, आणि बिल्डरकडे वळून पहिल्यापासून सांगू लागली.