गळक्या बोटीवरची नाताळची सुट्टी

मित्रांनो, मी जुनी आहे, लोखंडी आहे आणि गळते. हे शेवटचं सांगताना मला आजही ओशाळल्यासारखं होतं. पण ते लपवलं गेलं म्हणूनच पुढचं सगळं घडलं, तेव्हा आधी तेच सांगून टाकते.

माझं नाव नील्त्ये. नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रीसलंडमध्ये, एका कालव्याकाठच्या कारखान्यात मी घडले. डौवे माझा पहिला मालक. त्याने मला आपल्या आईचं नाव दिलं. माझं पोट मोठं आणि तळ सपाट, त्यामुळे बटाटे, विटा, साखरेचं बीट असं काहीही भरून मी उथळ पाण्यातूनही आरामात जात असे. मागच्या छोट्या खोलीत डौवे, त्याची बायको सीत्स्के आणि त्यांची मुलं राहत. सीत्स्के खिडक्यांना विणलेले पडदे लावी, पितळी दिवा घासून लख्ख ठेवी. पुलावरून जाणारी माणसं थांबून आमचं कौतुक करत, तेव्हा मी पाण्यात जरा ताठ होत असे.

मग रस्ते झाले, ट्रक आले. डौवे थकला. मी कितीतरी वर्षं एका बंदराच्या कोपऱ्यात शेवाळ पांघरून पडून राहिले. तिथून मला हिल्केने घेतलं. पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवणारा हा हसरा माणूस. उन्हाळ्यात बायकोला आणि मुलीला घेऊन यायचा, मला वरून हिरवा रंग द्यायचा. रंगाखालचा गंज खरवडायचं मात्र दरवर्षी राहून जायचं. खरं सांगायचं तर मलाही त्याची फिकीर नव्हती. नवा रंग मला आवडला होता.

पुढे नवराबायकोचं पटेनासं झालं. घर विकलं गेलं, बायको मुलीला घेऊन ख्रोनिंगन शहरात राहायला गेली, आणि हिल्के दोन पेट्या व एक उशी घेऊन माझ्यावर आला तो कायमचाच. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. लेकीला, येल्स्केला, त्याने सांगितलं की सायकलच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली आहे. फोनवर तो त्या खोलीचं वर्णन करायचा. खिडकीतून चर्च दिसतं, म्हणायचा. तेव्हा तो माझ्याच ओल्या भिंतीला टेकून बसलेला असायचा. त्याला माझ्यात राहण्याची लाज वाटते, हे मला कळत होतं. त्याच्या जागी मी असते तर मलाही वाटली असती.

नाताळची सुट्टी लागली आणि अकरा वर्षांची येल्स्के बाबाकडे आली. या वेळी आपण सगळी सुट्टी बोटीवरच काढायची, नुसती धमाल, असं हिल्केने तिला सांगितलं. पहिले काही दिवस खरंच मजेत गेले. बापलेकीने पत्ते कुटले, शेगडीवर वाटाण्याचं दाट सूप केलं, ओलीबोलनचे गोड गोळे तळताना माझी अख्खी खोली धुराने भरली. पण पाऊस लागला आणि मी नेमकी तिच्या उशीवर गळू लागले.

"काही नाही गं, जुन्या बोटींना घाम येतो," हिल्के म्हणाला.

"बाबा, घाम एवढा गार नसतो," येल्स्के म्हणाली आणि उशी उचलून पायथ्याशी गेली.

मला अगदी कसंतरी झालं.

नवं वर्ष तोंडावर आलं आणि वायव्येकडून वादळ उठलं. त्यातच मोठी भरती. आमचं बंदर समुद्राच्या बांधाबाहेर असल्यामुळे पाणी धक्क्याच्या काठापर्यंत चढलं. दुपार टळली तोच अंधारून आलं, आणि बंदरातली वीज गेली. वीज गेली तसा माझ्या तळातलं पाणी उपसणारा पंप बंद पडला. हिल्के बादलीने पाणी काढू लागला. येल्स्के शेगडीपाशी पाय वर घेऊन बसली होती. तिने सरळ विचारलं, तुझ्या खोलीवर का जात नाही आपण? हिल्के म्हणाला, किल्ली दुकानदाराकडे राहिली आहे. तिने विचारलं, मग त्याच्याकडून घेऊ या की. तो म्हणाला, जिन्याला रंग दिलाय, ओला असेल.

"मघाशी किल्ली म्हणालास."

"वारा पडेल गं आता थोड्या वेळात."

वारा पडणार नव्हता. बाप ते जाणत होता आणि मीही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, माझी लाज झाकण्यापायी पोरीला इथे बसवून ठेवू नकोस. पण बोटीला बोलता येत नाही, नुसतं कुरकुरता येतं. मी कुरकुरले. त्याने दोर जरा सैल केला, बस.

तेवढ्यात पुढचा दोर तुटला. माझं नाक फिरलं आणि मी कुशीवर धाडकन धक्क्याच्या दगडांवर आदळले. शेगडीवरचं सुपाचं भांडं उडालं ते येल्स्केच्या हातावर. ती नुसती हात धरून बघत राहिली.

हिल्केने तिचा हात गार पाण्यात धरला. वर धक्क्यावर बॅटरीचा उजेड हलला. बांधापलीकडच्या घरात राहणारी म्हातारी आउके हाका मारत होती: पोरीला वर आण, बोट राहू दे. त्याने लेकीला उचलून वर दिलं, स्वतः चढला आणि भर पावसात तिच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"येल्स्के, खोली नाहीये. कधी नव्हतीच. मी इथेच राहतो."

उत्तर दिलं ते आउकेने.

"तुझं धुराडं वर्षभर धूर सोडतंय, ते काय मला दिसत नाही? दार ठोठावलं असतंस तर मी खाल्लं असतं का तुला? चल, आधी तिचा हात बघू."

ते गेले. मी एका दोरावर आपटत राहिले. थोड्या वेळाने आउकेच्या भाच्यांनी मला नवे दोर बांधले, हिल्केही परत आला आणि त्यांच्याबरोबर पाणी उपसत राहिला. उजाडलं तेव्हा मी अर्धी भरलेली होते, पण तरंगत होते.

सकाळी येल्स्के हाताला पट्टी बांधून धक्क्यावर आली. माझ्यावर चढली नाही.

"म्हणजे चर्चसुद्धा दिसत नाही?"

"नाही," हिल्के म्हणाला.

तेव्हा मात्र ती रडली. "मी शाळेत तुझ्या खोलीचं चित्र काढलं होतं. चर्चसकट. बाईंनी ते भिंतीवर लावलं." तिने नाक पुसलं. "तू बोटीवर राहतो म्हणाला असतास, तर मी बोट काढली असती."

हिल्केची मान खाली गेली ती वर आलीच नाही. मला तर त्या क्षणी तळाला जाऊन बसावंसं वाटलं. येल्स्के उरलेली सुट्टी आउकेच्या घरी राहिली, बापाशी मोजकंच बोलली आणि आईबरोबर परत गेली. तिच्या मनगटाजवळ डाग राहिला आहे.

मित्रांनो, माझं एवढं मागणं आहे. घर असो, बोट असो की माणूस, गळतं कुठे ते वेळेवर सांगा, आणि दुसऱ्याने सांगितलं तर हसू नका. वरून रंग देणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला खरवडणारा हात लागतो.

वसंतात हिल्केने मला दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर काढलं. माझं सगळं गंजकं, शिंपल्यांनी भरलेलं पोट उघड्यावर आलं, आणि नेमकी येल्स्के त्याच दिवशी आली. तारेचा ब्रश घेऊन ती कितीतरी वेळ खरवडत बसली. बापाशी अजून थोडी तुटकच होती. तेवढ्यात बाजूने जाणारा एक माणूस वाकून माझ्याकडे बघत उभा राहिला आणि ही कुणाची बोट म्हणून विचारू लागला.

"माझे बाबा राहतात हिच्यात," येल्स्के म्हणाली. "आणि असं खालून बघू नका. रंग व्हायचाय अजून तिचा."